पुलीवरची टिकली

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तेव्हा आम्हा तिघांना दुधाची आठवण झाली.

मी उठायला गेले. सातव्या महिन्यात उठायचं म्हणजे आधी टेबलाची परवानगी घ्यायची, मग गुडघ्यांची. तोवर भरतेशनं, माझ्या नवऱ्यानं, जाऊन गॅस बंद केला आणि तो ओट्यापाशीच उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

"परत सांग," आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे माझे सासरे. "काय म्हणाला इंगवले?"

"गाडी बंद पडली. किणीच्या टोलनाक्याच्या अलीकडं. आधी खडखड झाली म्हणाला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी. मग मागून धूर. मग गप्पच."

"आणि?"

"आणि काय, टोइंगवाला बोलवलाय. संध्याकाळपर्यंत आणतील."

पत्र्याच्या डब्यात खडे. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडलं की पिस्टनच्या डोक्यावर भलत्या वेळी भडका उडतो, त्याचा तो आवाज. तो येऊ नये एवढ्यासाठीच मी तीन आठवडे लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या गाडीत बसले होते. मांडी उरली होती तोवर मांडीवर, मग पोटावर.

"मी शनिवारी निघाले तेव्हा शिलाई मशीनसारखी चालत होती," मी म्हणाले.

"होती," भरतेश म्हणाला. पाठ तशीच.

मी तासाभरापूर्वीच निपाणीहून, माहेरून, आले होते. आदल्या दिवशी माझं डोहाळजेवण झालं होतं. हातातल्या हिरव्या बांगड्यांची सवय झाली नव्हती, आणि आईनं बांधून दिलेले लाडू पिशवीतून बाहेरसुद्धा निघाले नव्हते.

या गोष्टीला सात वर्षं होतील. आर्जवी तेव्हा पोटात होती. आता ती पाठशाळेला जाते, आणि ती परत येईपर्यंतचा तास माझा असतो.

आमचं, मगदुमांचं, गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरात. आप्पांनी ते ट्रकच्या इंजिनांवर उभं केलं. भरतेशनं त्यात मोटारींची ताकद वाढवण्याचं काम आणलं, आणि लग्न होऊन मी आले ती ऑटोमोबाइलचा डिप्लोमा घेऊन. पहिलं वर्ष डबे पोचवण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी एका गाडीच्या कॉम्प्युटरनं भरतेशला दोन दिवस रडवलं आणि मी डबा ठेवता ठेवता तो दुरुस्त केला. त्यानंतर लॅपटॉपसमोरची खुर्ची माझी झाली. फाटक्या रेक्झिनची, एक चाक अडणारी. पण माझी.

इंगवलेसाहेब म्हणजे फाउंड्रीवाले, पन्नाशीचे, अंगानं भारी आणि बोलायला मऊ. त्यांच्याकडं परदेशी बनावटीची मोठी सेडान होती, सहा सिलिंडरची. आत बसलं की बाहेरचं जग बंद. पण त्यांना वाटायचं, गाडी फार सभ्य आहे. "वहिनी, असं वाटतं की जिल्हाधिकाऱ्यांच्या शेजारी बसलोय," ते म्हणायचे. "हिला थोडं कोल्हापूरचं पाणी पाजा की." म्हणून त्यांनी बाहेरून सुपरचार्जर मागवला.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या तोंडात हवा कोंबणारा पंप. इंजिनाचाच पट्टा त्याला एका पुलीवरून फिरवतो. पुली जितकी लहान, तितका पंप जोरात आणि तितकी हवा जास्त. त्या हवेला किती पेट्रोल द्यायचं ते गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवायचं, हे माझं काम. नव्या गाड्यांची इंजिनं म्हणजे आधीच पोटभर जेवलेली माणसं. त्यांना आग्रह करायलाही एक हद्द असते. खोक्यात दोन पुल्या आल्या होत्या, एक मोठी, एक लहान. लहान पुली अशा इंजिनासाठी नव्हेच, ती मी पहिल्याच दिवशी तेलकागदात गुंडाळून परत खोक्यात घातली. सगळं गणित मोठ्या पुलीवर बसवलं.

आप्पांना मी गरोदरपणी गॅरेजात जाते हे पटत नव्हतं. पण ते अडवणारेही नव्हते. एक दिवस माझ्या खुर्चीशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "त्रिशला, एक ठरवून टाकू. अशी गाडी आपल्याकडं पहिल्यांदा आली. ही नीट गेली तर बाळंतपणानंतर ही खुर्ची तुझीच. बाळाला मी सांभाळतो. नाही गेली, तर मात्र तू घर बघ. चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. एवढ्या सरळ अटीवर कुणी काही देऊ करावं याचाच मला आनंद झाला होता.

आणखी एक सांगायला हवं, ते टिकलीचं. बोल्ट नीट आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर रंगाची एक रेघ ओढतात. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटते, लगेच दिसतं. आमच्याकडचा पिवळा रंग एकदा वाळला होता, म्हणून मी पर्समधलं नेलपॉलिश काढलं. गडद डाळिंबी, सव्वीस नंबर. रेघ ओढली, आणि सगळी मापं पुन्हा तपासून झाल्यावर रेघेखाली एक ठिपका दिला. तेव्हापासून तेच चाललं. रेघ म्हणजे आवळला. ठिपका म्हणजे मी स्वतः पाहिला. गॅरेजात सगळे त्याला वहिनींची टिकली म्हणू लागले. इंगवलेसाहेब तर बॉनेट उघडून टॉर्च मारायचे. "वहिनींची टिकली दिसल्याशिवाय मी किल्ली हातात घेत नाही," म्हणायचे. "घरात बायकोचं ऐकत नाही, पण इथं ऐकतो."

*

मंगळवारी सकाळी मी गॅरेजात गेले तेव्हा इंजिन उघडलेलं होतं. भरतेश पहाटेपासून तिथं होता. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला वरून भोक पडलं होतं, मेणबत्ती मधोमध खचते तसं. इंगवलेसाहेब खुर्चीवर बसले होते. माझ्या खुर्चीवर. मला पाहून उठले.

"बसा, वहिनी. तुम्ही उभ्या राहू नका."

"साहेब, मला आधी बघू दे."

मी लॅपटॉप लावला. गाडी धावताना किती दाबानं हवा गेली त्याची नोंद राहते. मी गाडी सहाच्या दाबावर बांधली होती. नोंदीत नऊ होते, कधी साडेनऊ.

"नऊ कसे?" मी म्हणाले. "मोठ्या पुलीवर नऊ येऊच शकत नाहीत."

भरतेशनं मापाचं कॅलिपर उचललं, पुढे वाकून पुलीला लावलं आणि हळूच म्हणाला, "अडुसष्ट."

मोठी पुली शहात्तरची होती.

आप्पा कोपऱ्यात गेले, त्यांनी खोकं उघडलं आणि तेलकागद सोडला. आत मोठी पुली होती. त्यांनी ती दोन्ही हातांवर धरून आणली, देवाचं काही आणावं तशी, आणि टेबलावर ठेवली.

इंगवलेसाहेबांनी टॉर्च लावला. त्यांचा आवाज अजूनही मऊच होता. "वहिनी, जरा बघता? टिकली तुमचीच आहे ना?"

मी गाडीला धरून जमेल तेवढी वाकले. पुलीच्या बोल्टवर डाळिंबी रेघ होती. रेघेखाली ठिपका.

"माझीच आहे," मी म्हणाले.

शुक्रवारी पट्टा एका बाजूला घासत होता म्हणून भरतेशनं पुली उतरवून पुन्हा बसवली होती. मी त्यावर टिकली लावली होती, मला आठवत होतं. पण मी मापलं होतं का? त्या दिवशी पाय सुजले होते, कंबर धरली होती, वरूनच वाकून पाहिलं होतं. दोन पुल्यांत फरक आठ मिलिमीटरचा. वरून दिसला असता?

"शुक्रवारी मी..." मी सुरुवात केली. "मला वाटलं मोठीच..."

"त्रिशला, राहू दे." भरतेशनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आप्पांच्या देखत तो मला कधी हात लावत नसे. "साहेब, बोल्ट मी आवळलाय. तिनं फक्त पाहिलं. सातवा महिना आहे, तिला वाकता येत नाही, चार गोष्टी विसरायला होतात. मी तिला त्या दिवशी गॅरेजात आणायलाच नको होतं. चूक माझी. इंजिन मी नवीन बांधून देतो, तुम्ही एक शब्द बोलू नका तिला."

इंगवलेसाहेबांनी टॉर्च बंद केला. मग म्हणाले, "बोलणार कशाला? माणसाकडून होतं." आणि माझ्याकडं वळून, "वहिनी, नशीब काढलंत. आमच्या घरात साखर जास्त पडली तरी आम्ही बायकोचं नाव सांगतो."

आप्पा हसले. भरतेशही खाली बघून हसला. मला रडू आलं. एवढ्या माणसांत, एवढ्या मोठ्या नुकसानीपुढं, त्यानं माझी चूक उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली होती. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मला वाटलं, मी या माणसाला आजवर पुरतं ओळखलंच नव्हतं.

खरंच ओळखलं नव्हतं.

घरी जाताना आप्पा रिक्षात माझ्या शेजारी बसले. "मनाला लावून घेऊ नको, पोरी. दिवसच असे असतात. अक्काचंसुद्धा तसंच व्हायचं, भरतेशच्या वेळी मीठ दोनदा घालायची." अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, मी यायच्या आधीच गेलेल्या. मग बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "बेळगावला एक माणूस आहे कॉम्प्युटरचं करणारा. त्याला बोलवून घेतो. तू आता बाळाकडं बघ."

खुर्चीचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. अट मीच मान्य केली होती.

*

तो दिवस आणि दुसरा अर्धा दिवस मी शुक्रवार आठवत काढला. स्वतःच्या डोळ्यांवरून विश्वास उडणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. भाजीत मीठ घातलं की चमचा हातात धरून उभी राहायची, घातलं की नाही? दाराला कडी लावून परत येऊन बघायची. पोटातल्या जिवाला मनातल्या मनात म्हणायची, तुझ्यामुळं नाही, बाळा, माझंच लक्ष नव्हतं. भरतेश येता-जाता विचारायचा, पाणी देऊ का, पाय चेपू का. इतका मायेनं वागत होता की माझा अपराध दर तासाला वाढत होता.

बुधवारी दुपारी तो जेवायला आला आणि आंघोळीला गेला. आतून ओरडला, "त्रिशला, स्कूटरच्या डिकीत माझा चष्मा राहिलाय. आण की."

मी अंगणात गेले, सीट उचलली. चष्म्याशेजारी कागदाची छोटी पिशवी होती, महाद्वार रोडवरच्या एका बांगड्यांच्या दुकानाची. आत नेलपॉलिशची बाटली. मी उलटी करून तळ पाहिला. सव्वीस नंबर.

मला हसू आलं. या माणसाला माझ्या चपलेचा नंबर माहीत नव्हता, आणि नेलपॉलिशचा नंबर माहीत होता. माझी बाटली संपत आली होती. घट्ट होऊन तिची तार निघत होती, निपाणीला भावजयीनं माझ्या पायांच्या बोटांना लावताना अर्धी बोटं झाल्यावर सोडून दिलं होतं. "हे काय, ताई, गुळाचा पाक आहे की काय," म्हणाली होती. ते याच्या लक्षात आलं असणार. खुर्ची गेली म्हणून माझं मन राखायला आणली असणार.

मी टोपण फिरवलं. ते सहज फिरलं. नवी बाटली पहिल्यांदा उघडताना जोर लावावा लागतो. आत रंग मानेपासून थोडा खाली होता आणि गळ्याला एक सुकलेला ओघळ होता.

माझी जुनी बाटली शनिवारी सकाळपासून माझ्या पर्समध्ये होती. ती निपाणीला होती. आणि तिच्यातला रंग महिनाभर इतका घट्ट होता की तो ओघळूच शकत नव्हता.

मी चपला घातल्या आणि तशीच रिक्षा करून गॅरेजात गेले. जेवणाची वेळ, कुणी नव्हतं. टॉर्च घेतला, खाली चटई टाकून बसले, आणि गाडीच्या पुढून, जिथून वाकावं लागत नाही, तिथून पुलीचा बोल्ट पाहिला. डाळिंबी रेघ होती. गुळगुळीत, पातळ, चकचकीत. ठिपका दिला होता तिथून रंगाचा एक केसासारखा ओघळ खाली आला होता.

शुक्रवारची माझी रेघ जाड होती, मधे गाठी पडलेली. मला आठवलं. दीड दिवसात पहिल्यांदा काहीतरी नक्की आठवलं.

*

मी परत आले तेव्हा भरतेश स्वयंपाकघरात ताट वाढून घेत होता. आप्पा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. आप्पांसमोर मी त्याला अहो म्हणते. तेव्हा आम्ही दोघंच होतो.

मी बाटली त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग दाराकडं.

"दार ओढ," तो म्हणाला.

"तूच ओढ."

त्यानं ओढलं. बसला नाही. "शनिवारी तो चक्कर मारायला आला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "परत आला आणि म्हणाला, ठीक आहे. बस, एवढंच. ठीक आहे. म्हणाला, पाठीत धक्का बसत नाही. त्याच्या मेव्हण्याची नवी गाडी याच्यापेक्षा उडी मारते म्हणाला. तीन आठवडे आपण राबलो, त्रिशला. त्याचं तोंड बघवत नव्हतं मला."

"म्हणून लहान पुली लावलीस."

"तो पुण्याला जाऊन येईपर्यंत. त्यालाही सांगितलं नाही. मला वाटलं एका खेपेत काय होतंय. परत आला की बदलणार होतो."

"मला फोन केला नाहीस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"म्हणून नाही केला."

एवढं सगळं तो खरं बोलत होता. मला वाटतं त्या दुपारी त्यानं एकही खोटा शब्द काढला नाही.

"टिकली का लावलीस?"

त्यानं बाटली उचलली, परत ठेवली. मग म्हणाला, "त्याशिवाय त्यानं गाडी नेली नसती."

बाहेर आप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"दुकानात जाऊन काय सांगितलंस?" मी विचारलं. मला हे का जाणून घ्यायचं होतं कुणास ठाऊक.

"काय सांगणार? सव्वीस नंबर द्या म्हणालो. ती बाई म्हणाली, बायकोसाठी का? हो म्हणालो."

मी खाली बसले. बाळ आत फिरलं, उजवीकडून डावीकडं, सावकाश.

"आणि काल? सगळ्यांसमोर?"

"काल मी चूक माझी म्हणालो की."

"कोणती?"

"त्रिशला, ऐक." तो माझ्यापुढं उकिडवा बसला. माझे सुजलेले पाय त्यानं हातात घेतले. "माझं नाव गेलं तर गॅरेज जातं. लोक म्हणतील, मगदुमाचा पोरगा गिऱ्हाइकाला फसवतो, बायकोची खूण स्वतः लावतो. परत कोण गाडी आणेल? तुझं काय होतंय? तू तशीही घरी राहणार होतीस, सहा महिने, वर्ष. लोक विसरतात. कुणी तुला एक शब्द बोललं का? मी बोलू दिला का?"

"आप्पांना सांग."

"सांगतो."

"आज."

"बाळ होऊ दे. सुखरूप होऊ दे सगळं. मग मी स्वतः सांगतो, तुझ्यासमोर सांगतो. तुझी खुर्ची कुठं जात नाही."

मला ते पाय सोडवून घ्यायचे होते आणि घेता आले नाहीत, इतके ते दुखत होते आणि त्याला ते कुठं चेपायचे ते नेमकं माहीत होतं.

आम्ही जैन, आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवतात. त्या संध्याकाळी मी भाकरी थापल्या, आमटी केली, तिघांना वाढलं. भरतेश आप्पांच्या समोर बसला होता. मला आत कुठेतरी खात्री होती की तो आता सांगेल. मी त्याच्या भाकरीवर तूप घालताना थांबलेसुद्धा, त्याला बोलायला जागा मिळावी म्हणून.

आप्पाच बोलले. "भरतेश, काल तू जे केलंस ना, ते मला जमलं नसतं. मी चिडलो असतो बघ. चारचौघांत बायकोची चूक आपल्यावर घ्यायची म्हणजे छाती लागते." घास घेऊन पुन्हा म्हणाले, "अक्का असती तर तिला बरं वाटलं असतं."

भरतेशनं मान खाली घातली. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. मग म्हणाला, "आमटी वाढ गं अजून थोडी."

मी वाढली.

मी का नाही बोलले, हे नंतर कुणीही मला विचारू शकलं असतं, पण विचारणारं कुणी नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मी सांगितलं असतं तर ते माझं सांगणं झालं असतं, नवऱ्याविरुद्ध बायकोचं. मला त्याच्या तोंडून हवं होतं. एक वाक्य. त्याला आप्पांचं ते कौतुक खाली ठेवता आलं नाही, आणि मला ते त्याच्या हातातून काढून घेता आलं नाही.

आर्जवी श्रावणात झाली. बेळगावचे पाटील गॅरेजात रुळले, सज्जन माणूस, काम चोख. इंगवलेसाहेब पेढ्याचा पुडा घेऊन बाळाला बघायला आले आणि पाळण्याशी वाकून म्हणाले, "आईला आता दुसरी गाडी मिळाली हो." सगळे हसले. भरतेश बाळाला घेऊन खिडकीशी गेला होता. तो चांगला बाप आहे. हे मी उगाच लिहीत नाही, तो खरोखर चांगला बाप आहे. तापात रात्रभर मांडीवर घेऊन बसतो, वेण्या घालायला शिकलाय, तिच्याशी खोटं बोलत नाही.

मला रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून अजूनही कळतं, कुणाचं इंजिन उपाशी आहे, कुणाचं जास्त जेवलंय. मी कणीक मळत राहते.

*

भाद्रपदातलं दशलक्षण पर्व संपलं की आमच्यात क्षमावाणी असते. त्या दिवशी घरातली, दारातली, सगळी माणसं एकमेकांपुढं हात जोडतात आणि वर्षभरात काही चुकलं असेल त्याची क्षमा मागतात. मोठे लहानांचीही मागतात. भरतेश दर वर्षी न चुकता माझ्यापुढं उभा राहतो, हात जोडतो आणि म्हणतो, "कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा." मी म्हणते, "उत्तम क्षमा." पहिल्या वर्षी मी पुढच्या वाक्याची वाट पाहत उभी राहिले होते. तेव्हा त्याला वाटलं होतं, माझे डोळे भरून आलेत ते सणामुळं.

यंदा आर्जवी पहिल्यांदाच यात उतरली. पाठशाळेत बाईंनी पक्कं शिकवून पाठवलं होतं की नुसते हात जोडायचे नाहीत, कशाबद्दल ते सांगायचं, नाहीतर समोरच्याला कळणार कसं. सकाळी आंघोळ करून, परकर-पोलकं घालून ती घरभर फिरत होती. आप्पांना म्हणाली, "आजोबा, मी तुमच्या पानाच्या डब्यातली बडीशेप दोनदा खाल्ली, उत्तम क्षमा." आप्पा म्हणाले, "दोनदाच?" ती विचार करून म्हणाली, "चारदा." कामाच्या सुशीलामावशींना म्हणाली, "मी ओल्या फरशीवरून मुद्दाम चालले, उत्तम क्षमा." मला म्हणाली, "मी दूध बेसिनमध्ये ओतलं, तू म्हणालीस शहाणी गं माझी ती, तेव्हा मी गप्प बसले. उत्तम क्षमा." मी तिला जवळ घेतलं. एवढंसं ते तोंड, आणि सांगून झाल्यावर किती हलकं झालं होतं.

भरतेश गॅरेजला निघाला होता. चप्पल घालता घालता माझ्यापुढं आला, हात जोडले, दर वर्षीचं वाक्य दर वर्षीसारखंच म्हणाला. मीही म्हटलं. तो खाली वाकला, आर्जवीच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि गेला. स्कूटर कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती दारात उभी राहून हात हलवत होती.

मग आत आली, माझा पदर धरला आणि वर बघून म्हणाली, "आई, बाबांचं कशाबद्दल होतं?"